उजेडाच्या वरून जाणारे ग्रह

चाकणच्या तळेगाव चौकात रात्री अकराच्या सुमाराला उभे राहिले, तर नजर आकाशाकडे जायला तसे काही कारण नसते. पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनर एकामागे एक सरकत असतात. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीकडून दुसऱ्या पाळीच्या बस यायला लागतात. भुर्जीच्या गाड्यांवर पांढरे एलईडी, मागच्या यार्डांवर हायमास्ट, आणि दक्षिणेला, म्हणजे भोसरी-पिंपरीच्या दिशेला, क्षितिजाला लागून नारिंगी-पांढऱ्या उजेडाचा जाड पट्टा. त्या पट्ट्यात एकही तारा सापडत नाही. पण मान आणखी मागे टाकली, पट्टा सोडून नजर बरीच वर नेली, तर २०२५च्या ऑक्टोबरात तिथे एक पिवळसर ठिपका दिसे. तो लुकलुकत नसे. बसमधून उतरणाऱ्या शेकडो माणसांच्या डोक्यावर तो रोज असे. तो शनी.

‘रात्र’ हा विषय निघाला की लिहिणारे सहसा शहर सोडून जातात. काळोख शोधत घाटात, गडावर, कोकणात पोचतात. आकाशगंगा पाहायची तर तसे जावेच लागते. पण चंद्र आणि ग्रह पाहायला पिंपरी-चिंचवड सोडायची गरज नाही. निगडी, चिखली, मोशी, चाकण या पट्ट्यातल्या लाखो लोकांना रात्रीच्या आकाशातला जो भाग अजून शिल्लक आहे, तो सूर्यमालेचा आहे. तो शिल्लक कसा राहिला आणि तो नीट पाहायचा तर काय लागते, हे इथल्या गच्च्यांवर, मैदानांत आणि टूलरूममध्ये पाहण्यासारखे आहे.

दक्षिण क्षितिजाचा हिशेब

पिंपरी-चिंचवड विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १८.६ अंशांवर आहे. या एका आकड्यावरून इथले आकाश ठरते. ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो आणि दक्षिण ध्रुवाभोवतीचा तेवढाच आकाशाचा तुकडा इथल्या माणसाला कधीच दिसत नाही. बाकी सगळे दक्षिण आकाश वर्षात कधी ना कधी क्षितिजावर येते. दिल्लीकरांना ज्यासाठी झगडावे लागते आणि लंडनकरांना जे घरबसल्या कधीच दिसत नाही, ते त्रिशंकू आणि नरतुरंग हे तारकासमूह आणि मित्र हा तारा पुण्याच्या अक्षांशावर कागदोपत्री तरी सहज दिसायला हवेत.

कागदोपत्री म्हणायचे कारण त्यांची उंची. एप्रिल-मेच्या रात्री त्रिशंकू दक्षिणेला येतो, तेव्हा त्याचा वरचा तारा क्षितिजापासून सुमारे १४ अंशांवर असतो आणि खालचा ८ अंशांवर. मित्र साधारण साडेदहा अंशांवर. चाकणहून दक्षिणेकडे पाहिले की या उंचीच्या आड आधी भोसरी येते, मग पिंपरी, मग अख्खे पुणे. उन्हाळ्याची धूळ आणि तीन शहरांचा उजेड एकाच दिशेला साठतो. त्यातच रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. पांढऱ्या दिव्यात निळा भाग जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे क्षितिजावरची झळाळी आणखी वर चढते. त्रिशंकू चाकणमध्ये उगवतो आणि मावळतो, पण दिसत नाही.

अगस्त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. व्याधाखालोखाल रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. तो दक्षिणेला आल्यावर जवळपास १९ अंशांपर्यंत चढतो, म्हणून थंडीत या पट्ट्यातून अजून दिसतो. पावसाळा संपत आला की पहाटे त्याचे पुन्हा दर्शन होते आणि पंचांगात अगस्त्य-उदयाची नोंद असते. चिंचवडच्या आठव्या-नवव्या मजल्यावरून, दक्षिणेला मोकळी बाजू असेल तर जानेवारीच्या रात्री तो ओळखू येतो. त्याच्या खालचे सगळे मात्र गेलेले आहे. ते पाहायला पुण्याच्याही दक्षिणेला जावे लागते. पुण्यातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची हौशी मंडळी आकाशदर्शनासाठी नसरापूरकडे जात आली आहेत. तिथे शहराचा उजेड पाठीमागे, उत्तरेला राहतो.

ग्रहांचा मार्ग वेगळा. सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशात एका ठरावीक पट्ट्यातूनच फिरतात. क्रांतिवृत्त ही त्या पट्ट्याची मधली रेषा. या रेषेचा अगदी दक्षिणेकडचा भाग, धनू राशीतला, पिंपरीच्या आकाशात मध्यावर येतो तेव्हाही ४८ अंशांवर असतो. लंडनमध्ये हाच भाग जेमतेम १५ अंशांवर येतो आणि तिथले निरीक्षक घरांच्या धुराड्यांमधून शनी-गुरू शोधतात. इथे ग्रह सर्वांत खाली उतरला तरी क्षितिज आणि डोक्याच्या साधारण मध्यावर असतो आणि बरा काळ आला की थेट डोक्यावर जातो. चाकण-भोसरीच्या उजेडाचा पट्टा त्याच्या खूप खाली राहतो.

डोक्यावरचा गुरू

२०२५च्या अखेरीला गुरू मिथुन राशीत होता. दिवाळीच्या सुमाराला तो मध्यरात्रीच्या आसपास उगवत होता आणि पहाटे डोक्यावर येत होता. १० जानेवारी २०२६ला तो सूर्याच्या बरोबर समोर आला. त्या दिवसांत तो संध्याकाळी पूर्वेला उगवत होता आणि मध्यरात्रीनंतर पिंपरीच्या डोक्यावरून, माथ्यापासून जेमतेम तीन-चार अंशांवरून जात होता. ग्रहाचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून यायचा तर तो डोक्यावर असावा लागतो. युरोपातल्या निरीक्षकाला गुरू माथ्याच्या इतक्या जवळ कधीच मिळत नाही.

उजेडात ग्रह का टिकतात, याचे कारण साधे आहे. अंधुक तारा आणि आकाशाची झळाळी यांत फरक उरला नाही की तारा जातो. गुरू सर्वांत तेजस्वी ताऱ्यालाही मागे टाकतो. शुक्र त्याहून पुढे. दुर्बिणीत तर ग्रहाची लहानशी तबकडी दिसते आणि तिचा पृष्ठभाग उन्हात असतो. भोसरीच्या हायमास्टने त्या उन्हात भर पडत नाही की घट होत नाही. काळोख्या माळरानावर आणि भोसरीतल्या लांडेवाडीच्या गच्चीवर सहा इंची दुर्बिणीतून गुरूचे पट्टे जवळपास सारखेच दिसतात.

साध्या ७×५० किंवा १०×५० द्विनेत्रीत गुरूजवळ एका रेषेत तीन-चार ठिपके दिसतात. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले हेच ते चार चंद्र. त्यांतला आयो ४२ तासांच्या थोड्या वर वेळात गुरूभोवती एक फेरी मारतो. संध्याकाळी सातला काढलेले चित्र आणि रात्री अकराला काढलेले चित्र शेजारी ठेवले, तर ठिपक्यांच्या जागा बदललेल्या कळतात. शाळकरी मुलांना दुर्बिणीपेक्षा ही दोन चित्रे जास्त पटतात, कारण ती त्यांनी स्वतः काढलेली असतात.

सहा किंवा आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून गुरूवरचे दोन ठळक तपकिरी पट्टे दिसतात. हवा शांत असेल तर त्यांच्या कडांचे बारकावे, आणि वेळ जुळली तर मोठा लाल डाग. गुरू स्वतःभोवती एक फेरी दहा तासांपेक्षा किंचित कमी वेळात पूर्ण करतो. थर्ड शिफ्टला जाण्याआधी कुणी गुरूची एक बाजू पाहिली आणि पहाटे सुटल्यावर पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला, तर मधल्या वेळात ग्रहाचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग फिरून गेलेला असतो.

या पट्ट्याला आणखी एक सोय आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे जागायला बुधवारची रात्र मोकळी मिळते. अडचण आहे ती दुर्बिणीची. गच्चीवर सर्वांत सोपी पडणारी डॉब्सोनियन दुर्बीण जमिनीलगतच्या चकतीवर फिरते आणि कडेच्या दोन खुंट्यांवर वर-खाली होते. ग्रह अगदी माथ्यावर आला की ती अडते, कारण तिथे जरासा बदल करायचा तर सगळी चकती गोल फिरवावी लागते. जाणकार म्हणून तास-दीड तास आधी किंवा नंतरची वेळ निवडतात. द्विनेत्री असेल तर गच्चीवर सतरंजी टाकून उताणे पडणे हाच उत्तम उपाय.

तिथी आणि चंद्राची कडा

चंद्र पाहायला कोजागरीची रात्र सर्वांत चांगली, असे बहुतेकांना वाटते. दूध आटवायला ती उत्तमच, पण दुर्बिणीला मात्र ती फारशी मानवत नाही. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात आणि विवरे सपाट दिसतात. खरी मजा असते ती उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो, डोंगरांच्या सावल्या मैदानांवर लांब पसरलेल्या असतात आणि सहा इंची दुर्बिणीतून लहान विवराचीही कड उठून दिसते. ही सीमा रोज साधारण १२ अंश पुढे सरकते. म्हणूनच तिथी माहीत असेल तर आज चंद्रावर काय दिसेल, हे सांगता येते.

शुद्ध पंचमी-षष्ठीला थिऑफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन मोठी विवरे सीमेवर येतात. अष्टमीला अर्ध्या चंद्राच्या मधोमध टॉलेमी, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल यांची उतरंड दिसते. नवमीला दक्षिणेकडे क्लेव्हियसमध्ये ऊन शिरते. त्याचा व्यास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून रस्त्याने कोल्हापूर जेवढे लांब, साधारण तेवढा. त्याच्या पोटात चापाच्या आकारात एकापेक्षा एक लहान होत गेलेली विवरे आहेत. मुलांना ती मोजायला सांगितली की कुणी तीनवर थांबते, कुणी पाचवर, आणि दुर्बिणीपुढची रांग पुढे सरकेनाशी होते. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा तेजस्वी असेल असे वाटते, पण त्याचे तेज पौर्णिमेच्या सुमारे एक-दशांशच असते. त्यामुळे डोळाही दिपत नाही.

कृष्ण पक्षातली एक रात्र चिंचवडमध्ये लोक स्वतःहून पाळतात. संकष्टीला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात गर्दी होते आणि चंद्रोदयाची मिनिटे घरोघर पाठ असतात. उगवणारा चंद्र तेव्हा वरच्या बाजूने झिजलेला असतो. तिथे चंद्रावरची सूर्यास्ताची सीमा असते आणि मेअर क्रिसिअम हे गोल, काळसर मैदान अर्धे किंवा पूर्ण अंधारात गेलेले असते. उपास सोडण्याआधी हजारो माणसे ज्या चंद्राकडे पाहतात, त्यावर त्याच घटकेला एका पाचशे किलोमीटर रुंद मैदानात रात्र पडत असते. नदीकाठी एखादी दुर्बीण लावायला याहून योग्य रात्र सापडणार नाही.

चंद्राचा दक्षिण भाग आपल्याकडे आता घराघरांत माहीत झाला आहे. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चे विक्रम यान चंद्राच्या दक्षिणेला सुमारे ६९ अंशांवर, मानझिनस विवराच्या परिसरात उतरले. ज्या एलव्हीएम-३ रॉकेटने ते नेले, त्याच्या बूस्टरचे भाग बनवणाऱ्यांत पुणे जिल्ह्यातले वालचंदनगरही आहे. यान उतरले तेव्हा तिथे सकाळ होती. शुद्ध पंचमी-षष्ठीच्या सुमाराला त्या जागी ऊन पोचते आणि पुढे सुमारे चौदा दिवस राहते. यानाला एवढाच दिवस मिळणार होता म्हणून उतरण्याची वेळ तशी साधली होती. ४ सप्टेंबरला सूर्य मावळतीला आल्यावर विक्रमला झोपवण्यात आले.

गच्चीवरच्या दुर्बिणीतून यान दिसत नाही. पण ती जागा ज्या खडबडीत प्रदेशात आहे, तो दिसतो. दक्षिण टोकाजवळ सगळी विवरे कडेने पाहिल्यामुळे चपटी, लंबगोल दिसतात. मोरेटस विवराचा मधला डोंगर खूण म्हणून धरायचा आणि कडेच्या बाजूने सरकत जायचे. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी पडते, म्हणून दक्षिण वर येते. चंद्राचे जुने नकाशे याच कारणाने दक्षिण वर धरून छापलेले असत. पिंपरीच्या अक्षांशावर याला एक वेगळीच जोड मिळते. २०२५च्या आसपासच्या वर्षांत चंद्र दर महिन्याला उत्तर-दक्षिण खूप लांब, जवळपास साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जातो. सुमारे साडेअठरा वर्षांतून एकदा असा काळ येतो. त्यामुळे थंडीतला पूर्ण चंद्र इथे माथा ओलांडून उत्तरेकडे जातो आणि त्याला पाहायला पाठ दक्षिणेकडे करावी लागते.

पत्रा, स्लॅब आणि हवा

काळोखाची अडचण नाही, मग ग्रह पाहण्यात अडचण कसली? हवेची. दुपारी डांबरी रस्त्यावर जी थरथर दिसते, तीच रात्री गच्चीवर डोळ्यांना न दिसता चालू असते आणि दुर्बीण ती दीडशे पटीने मोठी करून दाखवते. गुरू उकळत्या पाण्यात बुडाल्यासारखा हलू लागतो. हौशी मंडळी अशा रात्री ‘सीइंग खराब आहे’ म्हणतात आणि आयपीस बदलून पटी कमी करतात.

औद्योगिक पट्ट्यात या हवेला पुष्कळ कारणे आहेत. इमारतीचा स्लॅब दिवसभर ऊन खातो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ते सोडत राहतो. शेडचा पातळ पत्रा सूर्य मावळल्यावर लवकर थंड होतो, पण खाली भट्टी किंवा पेंट शॉपचा ओव्हन चालू असेल तर तोही गरमच राहतो. फोर्जिंगच्या शेडवरून दिसणारा ग्रह आणि शेजारच्या मोकळ्या मैदानावरून दिसणारा ग्रह यांत बराच फरक पडतो. म्हणून दुर्बीण शक्यतो मातीवर किंवा गवतावर लावावी. गच्चीच पर्याय असेल तर एसीची आउटडोअर युनिट पाठीमागे राहतील अशी जागा घ्यावी. तासभर आधी दुर्बीण उघड्यावर ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. आरसा गरम असेपर्यंत नळीतल्या नळीतच हवा हलत राहते.

ऋतूंचा हिशेबही इथे वेगळा आहे. पाऊस उघडल्यावर हवा धुतलेली असते आणि ऑक्टोबरातल्या रात्री लख्ख असतात. डिसेंबर-जानेवारीत पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात थंड हवा खाली बसते, धूर आणि धूळ तिच्यात अडकतात, आकाश दुधाळ होते. ताऱ्यांसाठी ही रात्र वाईट. पण खाली बसलेली ती हवा स्थिर असते आणि धुरकट आकाशातला गुरू कित्येकदा लख्ख रात्रीच्या गुरूपेक्षा जास्त तपशील देतो. तारे पुसट दिसले म्हणून दुर्बीण गुंडाळून ठेवणाऱ्याचे अशा वेळी नुकसान होते.

मायक्रॉनच्या खाली

भोसरीच्या एमआयडीसीत मायक्रॉन हे रोजच्या बोलण्यातले माप आहे. टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडिंग, लॅपिंग, स्लिप गेज, मायक्रोमीटर यांवर हात बसलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. दुर्बिणीचा आरसा घासणे हे याच हातांचे काम आहे.

आरसा घासायची रीत जुनी आणि सोपी आहे. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी टाकायची आणि वरची चकती खालच्या चकतीवर मागे-पुढे घासत दोन्ही थोड्या थोड्या फिरवत राहायच्या. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगते. भुकटी ८० नंबरपासून बारीक करत न्यायची. शेवटी पिचच्या थरावर सीरियम ऑक्साइडने पॉलिश. एवढे झाले की काच चकाकते, पण आरसा अजून तयार नसतो, कारण आतापर्यंत मिळालेला आकार गोलाचा असतो आणि हवा असतो पॅराबोलाचा. चार फूट नाभीय अंतराच्या सहा इंची आरशात या दोन आकारांतला फरक कडेला मोजला तर मायक्रॉनच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी भरतो.

हा फरक कोणत्याही मायक्रोमीटरने पकडता येत नाही. तो सावलीने पकडतात. १८५८ साली लिऑं फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेल्या चाचणीत एक बारीक दिवा आणि दाढीचे ब्लेड लागते. आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एकत्र येतो, तिथे ब्लेड हळूच आडवे सरकवायचे. आरशावर उंचवटे-खळगे सावल्यांच्या रूपात उमटतात. गुणवत्ता तपासणाऱ्या माणसाला हे तंत्र परके वाटत नाही. स्लिप गेजचा सपाटपणा पाहायला मेट्रॉलॉजीच्या खोलीत ऑप्टिकल फ्लॅट ठेवतात आणि एकरंगी दिव्याखाली उमटणारे पट्टे मोजतात. सोडियम दिव्याखाली तिथला एक पट्टा म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉन, म्हणजे गोल आणि पॅराबोला यांत असतो साधारण तेवढाच फरक. दिवसा पट्टे मोजणारे डोळे रात्री आरसा तपासायला शिकवणीशिवाय निम्मे तयार असतात.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेने विद्यार्थ्यांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत आणि त्यांतून घासलेल्या आरशांच्या दुर्बिणी शाळांपर्यंत गेल्या. उरलेली दुर्बीण म्हणजे प्लायवूड, सनमायका, टेफ्लॉनचे तुकडे आणि एक नळी. ही साधी रचना रूढ करणारे जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात साधू होते. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे बनवत आणि फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत. भंगारातून कामाची वस्तू काढण्यात कुदळवाडी-चिखलीचा हात कुणी धरला नाही. काच, फ्लॅंज, बेअरिंग, ॲल्युमिनियमची नळी, सगळे पाच-सात किलोमीटरच्या आत मिळते. एखाद्या आयटीआयने वर्षाला दहा आरसे घासायचे ठरवले, तर त्यासाठी बाहेरून फारच थोडे आणावे लागेल.

जुनी पुणेरी दुर्बीण, नाशिक रस्त्यावरच्या नव्या

या परिसराला दुर्बिणीचे अप्रूप आजचे नाही. १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारची भर यांतून ती उभी राहिली. तिचे प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला. तिथला वीस इंची आरशाचा ग्रब बनावटीचा टेलिस्कोप त्या काळी भारतातला सर्वांत मोठा होता. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे २२ ऑगस्ट १९४४ला पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाश निरीक्षकांची देशातली ही सर्वांत जुनी संस्था टिळक स्मारक मंदिरातून आजही चालते. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ महापालिकेचे सायन्स पार्क आहे आणि तिथे आता तारांगणही झाले आहे.

चाकणहून नाशिकच्या दिशेने राजगुरुनगर, मंचर ओलांडले की दोन मोठी ठिकाणे लागतात. घोडेगावजवळच्या गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. आणखी पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. चौदा मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. त्यांना उजेडाचे काही वाटत नाही. त्यांचे वैरी म्हणजे ठिणग्या, मोटारींचे इग्निशन, मोबाइल टॉवर.

याच अँटेनांनी ग्रहही ऐकले आहेत. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात. त्यांची नोंद खोडदला झाली आहे. १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपचे स्कियापारेली यान मंगळावर उतरत होते. मंगळ तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता. यानाचा क्षीण संदेश नारायणगावच्या शिवारात पकडला गेला आणि उतरण्याच्या काही क्षण आधी तो थांबला. यान आदळले, हे नंतर कळले. ज्या महामार्गावर चाकणचे कंटेनर सरकतात, त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या शिवारात त्या यानाचा शेवटचा आवाज ऐकला गेला.

२०२५च्या दिवाळीत, आणि २०३२मध्ये

२०२५च्या नरक चतुर्दशीच्या पहाटे, २० ऑक्टोबरला, अभ्यंगस्नान आटोपून सहाच्या आधी पूर्वेला पाहिले असते तर क्षितिजाजवळ शुक्र आणि त्याच्या आसपास चंद्राची अगदी बारीक कोर सापडली असती. पूर्वेकडची बाजू मोकळी हवी होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेदहाच्या सुमाराला शनी दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर होता. फटाक्यांच्या धुरातूनही तो दिसण्याजोगा होता. मात्र दुर्बिणीतून पाहणाऱ्याला त्याची कडी ओळखीची वाटली नसती. २३ मार्च २०२५ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली आणि त्या दिवाळीतही ती जवळजवळ धारेवरूनच दिसत होती. पावणेतीन लाख किलोमीटर रुंदीचा हा पसारा जाडीला ठिकठिकाणी काही दहा मीटर इतकाच आहे. म्हणून शनीच्या दोन्ही बाजूंना बारीक सुईसारखी रेघ तेवढी दिसत होती. असे दर पंधरा वर्षांच्या आसपास होते. २८ ते ३० ऑक्टोबरला अर्धा चंद्र दक्षिण आकाशात चाळीस अंशांहून वर होता. दुर्बीण पहिल्यांदाच लावणाऱ्याने अर्ध्या चंद्राचे असे दिवस चुकवू नयेत.

पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि महापालिकेला करता येण्यासारखी कामे आहेत, आणि ती महागडी नाहीत. यार्डातल्या हायमास्टचा उजेड खाली, कामाच्या जागेवर पडेल अशा झडपा बसवता येतात. रिकाम्या पार्किंगचे दिवे मध्यरात्रीनंतर कमी करता येतात. त्याने ग्रहांना फरक पडणार नाही, पण अगस्त्याखालचे आणखी चार तारे परत येतील आणि वीजबिलही उतरेल. महापालिकेच्या एखाद्या उद्यानात, मातीच्या मोकळ्या जागेवर, दर शुद्ध अष्टमीला दुर्बीण लावता येईल.

शनीची कडी आता दर वर्षी थोडी थोडी उघडत जातील. २०३२मध्ये ती पूर्ण उघडतील. त्या वेळी शनी वृषभ-मिथुनच्या बाजूला, २०२५च्या अखेरीला गुरू होता तसाच उत्तरेकडे चढलेला असेल आणि २०३२ सालच्या अखेरीच्या रात्री पिंपरी-चिंचवडच्या अगदी माथ्यावरून जाईल. २०२५मध्ये महाळुंगे किंवा चिखलीच्या शाळेत पाचवीत बसणारी मुलगी तेव्हा बारावीत असेल. तिच्या शाळेच्या मैदानावर सहा इंची दुर्बीण असावी आणि ती लावता येणारा एक तरी शिक्षक असावा, एवढी तयारी करायला तोपर्यंतची वर्षे हातात आहेत.